लाकडी सांगाड्याची शॉप ड्रॉइंग : संगणकावरच्या मॉडेलपासून मिस्त्रीच्या हातातल्या कागदापर्यंत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनला लागून होव्ह नावाचे गाव आहे. तिथल्या संग्रहालयाच्या आवारात सागवानाचे एक कोरीव प्रवेशद्वार उभे आहे. खाली खांब, वर नगारखाना आणि त्यावर घुमट. हे द्वार तयार झाले जयपूरमध्ये. १८८६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात भरलेल्या वसाहती व भारतीय प्रदर्शनासाठी महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांनी ते करवून घेतले. रचना संस्थानचे अभियंता सॅम्युअल स्विंटन जेकब आणि शल्यचिकित्सक थॉमस होल्बेन हेंडली यांची. हातकाम भारतीय सुतारांचे. प्रदर्शनानंतर ते लंडनच्या इम्पिरियल इन्स्टिट्यूटकडे राहिले आणि १९२६ मध्ये होव्हला आले.

स्थापत्याच्या विद्यार्थ्याने या द्वाराकडे कोरीवकामाच्या पलीकडे जाऊन पाहावे. लाकूड एका गावात कापले, उभे दुसऱ्या खंडात झाले आणि पुढे जागाही बदलली. लंडनमध्ये एखादा सांधा बसला नसता तर जयपूरला परत पाठवून नवा तुकडा मागवणे शक्य नव्हते. जिथे कापणारा आणि जोडणारा वेगळा असतो, तिथे दोघांच्या मध्ये फक्त तुकडा आणि त्याचा कागद उरतो. या कागदालाच आपण शॉप ड्रॉइंग किंवा फॅब्रिकेशन ड्रॉइंग म्हणतो. या टिपणात आपण ते संगणकावर कसे तयार करायचे ते पाहणार आहोत. उदाहरण मात्र द्वाराचे नाही, एका साध्या खणाचे घेऊ.

दोन प्रकारचे कागद

वास्तुविशारदाचे नेहमीचे ड्रॉइंग इमारत कशी दिसेल आणि कुठे काय येईल ते सांगते. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन यांत खांब म्हणजे एक भरीव चौकोन. शॉप ड्रॉइंगमध्ये इमारत नसतेच. तिथे एकच खांब असतो, आडवा ठेवलेला, चारही बाजूंनी दाखवलेला, आणि त्यावर कुठे करवत लावायची, कुठे पटाशी, कुठे गिरमिट, एवढेच असते. मिस्त्रीला शेजारचा खांब पाहण्याची गरज पडू नये, ही त्याची कसोटी.

जयपूरला या प्रकारच्या कागदाची चांगली परंपरा आहे. जेकब यांनी १८९० पासून ‘जेपोर पोर्टफोलिओ ऑफ आर्किटेक्चरल डीटेल्स’ हा संग्रह काढला. खांबांची शीर्षे आणि बैठका, कमानी, कंस, कठडे असे विषयवार भाग. तिसरा भाग कोरीव दरवाजांचा. पाने मुद्दाम सुटी ठेवली होती, म्हणजे कारागिराला हवे ते पान काढून कामाशेजारी ठेवता यावे. बांधीव ग्रंथ कपाटात राहतो, सुटे पान कामावर जाते. आजही शॉप ड्रॉइंगचा संच एका मोठ्या पत्रकावर न बसवता एक तुकडा एक पान असाच करावा.

सॉफ्टवेअर कोणते?

विद्यार्थी हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात, पण त्याचे महत्त्व त्या मानाने कमी आहे. रेव्हिट, आर्किकॅड, स्केचअप, फ्रीकॅड यांपैकी कशातही हे काम होते. कॅडवर्क, डीट्रिख्स, एचएसबीकॅड, सेमा ही खास लाकडी बांधकामाची सॉफ्टवेअर आहेत. त्यांत सांधे तयार मिळतात आणि माहिती बीटीएल या स्वरूपात थेट कापणी यंत्राकडे पाठवता येते. तुमच्याकडे तसे यंत्र नसेल तर त्यांचा खर्च भरून निघत नाही. शिकण्यासाठी मी फ्रीकॅड सुचवेन. ते मोफत आहे, त्यात मापांचा तक्ता मॉडेलला जोडता येतो आणि टेकड्रॉ या विभागात कागद तयार होतात. ज्यांचा हात स्केचअपवर बसला आहे त्यांनी तेच वापरावे. लाकडी सांगाड्यासाठी टीएफ रुबीज नावाचे मोफत एक्स्टेन्शन त्यात घालता येते.

साधन कोणतेही असो, पुढच्या गोष्टी ते तुमच्यासाठी ठरवत नाही.

उदाहरण : एक खण

वाड्याच्या भाषेत दोन खांबांमधल्या गाळ्याला खण म्हणतात. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहिला असेल तर खांब, खांबाखालचा दगडी तळखडा, वरची तुळई आणि त्यावरच्या कड्या हा क्रम तुमच्या ओळखीचा असेल. आपला सांगाडाही त्याच घराण्यातला. समजा, जयपूरमधल्या एखाद्या अंगणात चार खांबांचा मांडव उभारायचा आहे. खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबीच्या दिशेने ३००० मिमी, रुंदीच्या दिशेने २४०० मिमी. खांब ६ इंची चौरस, तुळई १५० बाय २०० मिमी, तळखड्यापासून तुळईच्या माथ्यापर्यंत उंची २६०० मिमी. दोन तुळया लांबीच्या दिशेने खांबांच्या डोक्यावर बसतील, दोन आडव्या रुंदीच्या दिशेने खांबांच्या मध्ये शिरतील आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही दिशांना ४५ अंशांचे तिरके टेकू येतील. ही मापे सरावासाठी आहेत. खऱ्या कामात छेद आणि सांधे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भारतीय मानक ८८३ प्रमाणे तपासून घ्या.

मॉडेल करताना पहिली चूक इथेच होते. तुम्ही १५० बाय १५० चा चौकोन काढता आणि तो २६०० पर्यंत खेचता. संगणकात तो खांब सगळीकडे नेमका १५० असतो. वखारीतून येणारे ६ इंची लाकूड मात्र एका टोकाला १४८, मधे १५२, दुसरीकडे १५० असते, किंचित पिळलेलेही असते. तुमचा कागद १५० धरून बोलत असेल तर प्रत्येक सांध्यात दोन-चार मिलिमीटर पदरचे घालावे लागतील आणि ते कुठे घालायचे हे मिस्त्री आपल्या मनाने ठरवेल.

यावर जुना तोडगा असा. खडबडीत लाकडाच्या आत एक काल्पनिक, नेमके लाकूड दडलेले आहे असे समजायचे. खांबाच्या लगतच्या दोन बाजू निवडून त्या रंध्याने सरळ आणि गुण्यात करून घ्यायच्या. या संदर्भबाजू. सर्व मापे यांच्यापासूनच. समोरच्या दोन बाजू कशाही असोत, जिथे सांधा येतो तेवढ्याच जागी लाकूड संदर्भबाजूपासून १४० मिमी उरेपर्यंत तासायचे. मग खांब १४८ असो वा १५३, सांध्याच्या जागी तो १४० च असतो. अमेरिकेतले सुतार या पद्धतीला स्क्वेअर रूल म्हणतात. आपल्याकडे बहुतेक मिस्त्री याउलट करतात : दोन तुकडे एकमेकांवर ठेवून खुणा करतात आणि त्याच जोडीसाठी सांधा कापतात. ती पद्धत उत्तमच आहे, पण तिला दोन्ही तुकडे एकाच जागी असावे लागतात. कागदावरून काम करायचे तर काल्पनिक लाकडाशिवाय इलाज नाही.

मॉडेलमध्ये हे असे उतरते. तुळईची संदर्भबाजू वरची, कारण तिच्या माथ्यावर कड्या बसणार आणि तो सपाट हवा. तुळई नावाला २०० खोल. खांबाच्या जागी ती खालून तासून १९० ठेवू. मग खांबाच्या खांद्याची उंची २६०० उणे १९०, म्हणजे २४१० मिमी. खांबाच्या डोक्यावर ९५ मिमी लांबीचे टेनन, म्हणजे तुळईच्या खाचेत शिरणारी लाकडाची जीभ. खांबाची एकूण लांबी २५०५. टेननची जाडी ५० मिमी, बाहेरच्या संदर्भबाजूपासून ५० मिमी सोडून. तुळईतली खाचही त्याच बाहेरच्या बाजूपासून ५० सोडून ५० रुंद. जयपूरचा मिस्त्री टेननला चूल आणि खाचेला साल म्हणेल. कागदावर त्याचाच शब्द लिहा.

टेकूचे मापही काल्पनिक लाकडाच्या पृष्ठभागापासून धरा. दोन्ही पाय ७५० मिमी असतील तर खांद्यापासून खांद्यापर्यंत टेकू १०६१ मिमी. खडबडीत बाजूपासून मोजलेत तर आठही टेकूंची लांबी वेगवेगळी येईल आणि एकही दुसऱ्याच्या जागी चालणार नाही.

खुंटीचे भोक आणि संगणकाचा नीटनेटकेपणा

खांब आणि तुळईचा सांधा आरपार लाकडी खुंटीने बांधतात. समजा खुंटी २० मिमी जाडीची. मॉडेलमध्ये साहजिकच तुम्ही एक दंडगोल काढाल आणि तो तुळई व टेनन दोन्हींमधून एकदम वजा कराल. दोन्ही भोके एका रेषेत येतील, पडद्यावर छान दिसेल, आणि प्रत्यक्षात सांधा सैल राहील.

सुतार ही भोके मुद्दाम एका रेषेत ठेवत नाही. तुळईतले भोक खांद्यापासून ४५ मिमीवर असेल तर टेननमधले तो ४२ वर पाडतो. टोक निमुळते केलेली खुंटी ठोकली की ती दोन भोकांना एका रेषेत आणू पाहते, टेनन वर ओढले जाते आणि खांदा तुळईला घट्ट भिडतो. हा फरक कठीण लाकडात २ ते ३ मिमी, मिस्त्रीच्या भाषेत जेमतेम एक सूत. म्हणून मॉडेलमध्ये दोन वेगळे दंडगोल हवेत आणि कागदावर दोन्ही मापे आपापल्या तुकड्याच्या पानावर स्वतंत्र हवीत. शिवाय एक टीप लिहा : ‘टेननचे भोक खांद्याकडे ३ मिमी सरकवलेले आहे, चूक समजून दुरुस्त करू नये.’ ही टीप नसेल तर एखादा प्रामाणिक माणूस ती चूक नक्की दुरुस्त करतो.

हवा आणि लाकूड

मॉडेलमधले लाकूड सुकत नाही. जयपूरमधले सुकते. मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि दुपारची हवा कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट. भारतीय मानक २८७ ने देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत आणि तुळया-वाशांसाठी लाकडातील पाण्याचे अनुज्ञेय प्रमाण सर्वांत कोरड्या विभागात १२ टक्के, तर सर्वांत दमट विभागात २० टक्के ठेवले आहे. कोकणातल्या कामाचा कागद राजस्थानात जसाच्या तसा का चालत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता हिशेब करू. ओल्या स्थितीपासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान वाढीच्या वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. हे आकसणे पाण्याचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर सुरू होते. म्हणजे पाणी १ टक्क्याने कमी झाले की पहिल्या दिशेने सुमारे ०.१९ टक्के आकुंचन. लाकूड १८ टक्क्यांवर कापले आणि मांडवात १० टक्क्यांवर आले तर ८ टक्क्यांचा फरक, आकुंचन दीड टक्का. २०० मिमी खोलीची तुळई ३ मिमीने कमी होईल. सागवान यात सभ्य लाकूड आहे. पुष्कळ जाती याहून जास्त आकसतात.

लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही. खरी गोम इथे आहे. टेनन खांबाच्या लांबीत आहे, म्हणून ९५ चे ९५ च राहते. खाच तुळईच्या आडव्या दिशेत आहे, ती आकसते. खाच नेमकी ९५ ठेवली तर सुकल्यावर ती दीड मिलिमीटर उथळ होईल, टेनन खाचेच्या तळाला टेकेल आणि खांदा उचलला जाऊन फट दिसेल. छताचा भारही खांद्याऐवजी टेननच्या टोकावरून जाऊ लागेल. म्हणून खाच १०० खोल. हे ५ मिमी मॉडेलमध्ये मोकळी जागा म्हणून दिसतात आणि सॉफ्टवेअरची टक्कर-तपासणी त्याबद्दल काही बोलत नाही. ते तुम्ही ठेवायचे असतात.

फ्रीकॅडमध्ये ही सारी मापे (काल्पनिक छेद १४०, तुळईची उरलेली खोली १९०, टेनन ९५, खाच १००, खुंटीचा सरक ३) तक्त्यात नाव देऊन ठेवा आणि मॉडेल त्यांना जोडा. लाकूड वखारीतून आल्यावर ओलावा मोजणाऱ्या मीटरने तपासा. अपेक्षेपेक्षा ओले निघाले तर तक्त्यातले दोन आकडे बदलायचे, सगळी पाने पुन्हा काढायची. असा बदल हाताने करताना एखादे पान जुने राहून जाण्याची भीती असते. संगणकाचा खरा फायदा मला इथे वाटतो, चित्र गोल फिरवून दाखवण्यात नाही.

डावे आणि उजवे

आपल्या मांडवात चार खांब आहेत. वेगळी पाने किती? बहुतेकांचे उत्तर एक.

प्रत्येक खांबाच्या एका आतल्या बाजूवर आडवीची खाच आणि तिच्या टेकूची खाच आहे. लगतच्या दुसऱ्या आतल्या बाजूवर तुळईच्या टेकूची. समोरासमोरच्या कोपऱ्यातले, म्हणजे कर्णावरचे दोन खांब अर्ध्या फेऱ्यात एकमेकांच्या जागी बसतात. शेजारचे दोन खांब मात्र आरशातली प्रतिमा असतात, डाव्या-उजव्या चपलेसारखे. म्हणून पाने दोन हवीत आणि प्रत्येकी दोन नग.

स्केचअपमध्ये कॉम्पोनंट फ्लिप केला तरी त्याचे नाव तेच राहते, आणि यादी ‘खांब, ४ नग’ असे सांगते. रेव्हिटमध्येही मिरर केलेला नग त्याच प्रकारात मोजला जातो. एकदा विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत मी तपासलेल्या संचात हेच झाले होते. चारही खांब एका कागदावरून कापले गेले. सगळे काम सुबक, मापे अचूक, आणि दोन खांबांच्या खाचा मांडवाच्या बाहेर तोंड करून. सागवान होते. त्यानंतर मिरर केलेल्या प्रत्येक तुकड्याला लगेच वेगळे नाव दिल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही.

नावे अशी द्या की सांगाड्यातली जागा त्यातून कळेल. लांबीच्या दिशेच्या दोन ओळींना अ आणि ब, रुंदीच्या दिशेच्या दोन ओळींना १ आणि २. मग खांब ‘ख-अ१’, ‘ख-ब२’. हेच नाव लाकडाच्या टेननवर, जिथे सांधा जुळल्यावर झाकले जाईल तिथे, खोलगट कोरून ठेवा. पेन्सिल पुसली जाते.

पानावर काय असावे

तुकड्याच्या चारही बाजू एकाखाली एक, जणू लाकूड पाव-पाव फिरवत आहोत अशा क्रमाने. संदर्भबाजूंवर ठळक खूण. मापे एकाच टोकापासून चढती : ०, ९५, … २५०५. एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत साखळीने मापे दिली तर प्रत्येक ठिकाणची अर्धा मिलिमीटरची चूक पुढे साठत जाते. काढून टाकायचा भाग तिरप्या रेघांनी भरा. कुठले लाकूड ठेवायचे आणि कुठले उडवायचे याचा गोंधळ अनुभवी माणसाचाही होतो. कोपऱ्यात सांध्याचे एक छोटे त्रिमितीय चित्र असावे, मापांशिवाय.

सांध्याचा पूर्ण मापाचा छाप काढणार असाल तर पानावर १०० मिमीची एक रेघ जरूर ठेवा. प्रिंटच्या दुकानात ‘पानात बसवा’ हा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो आणि चित्र तीन-चार टक्क्यांनी लहान निघते. ती रेघ पट्टीने मोजल्याशिवाय छाप लाकडावर चिकटवू नये.

लाकडाची यादी घनफुटात द्या, वखारीत भाव तसाच चालतो. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकार भागिले १४४. आपला २५०५ मिमीचा खांब सव्वाआठ फुटांच्या किंचित आत येतो. टोकांच्या चिरा कापून टाकायला जागा हवी म्हणून साडेआठ फूट मागवा. ६ × ६ × ८.५ ÷ १४४ म्हणजे २.१२५ घनफूट, चार खांबांचे साडेआठ. सॉफ्टवेअरची यादी तयार तुकड्याचे घनफळ देते, विकत घ्यायच्या लाकडाचे नाही.

जयपूर-जोधपूरच्या फर्निचर कारखान्यांमध्ये सीएनसी राऊटर असतात आणि खाचा त्यावर करून घेण्याचा मोह होतो. फिरते पाते आतला कोपरा गोलच सोडते. १२ मिमीचे पाते म्हणजे ६ मिमी त्रिज्या. कोपरे नंतर पटाशीने काढायचे की टेननच्या कडा गोल करायच्या, हे मॉडेलमध्येच ठरवा. आणि एवढ्या बारीक पात्याने १०० मिमी खोल जाणे बहुतेक राऊटरना जमत नाही. तिथे आधी गिरमिटाने भोके पाडून हाताने साफ करणेच बरे.

जोडणीचा क्रम

शेवटचे पान जोडणीचे. मॉडेलमध्ये सगळे तुकडे आपापल्या जागी असतात, ते तिथे पोहोचले कसे हे मॉडेल विचारत नाही. प्रत्येक तुकडा त्याच्या टेननच्या दिशेने मागे ओढून पाहा. वाटेत दुसरे लाकूड येत असेल तर प्रत्यक्षातही येणार. आपल्या मांडवात आधी दोन खांब, त्यांच्यामधली आडवी आणि तिचे दोन टेकू जमिनीवर आडवे जोडावे लागतात, कारण उभ्या खांबांच्या मध्ये आडवी सरळ शिरणार नाही. अशा दोन चौकटी उभ्या करून आधार द्यायचा. मग तुळईकडचे टेकू खांबांच्या खाचांत बसवून दोरीने बांधून ठेवायचे, आणि तुळई वरून खाली आणायची. त्या क्षणी दोन खांबांची आणि दोन टेकूंची मिळून चार टेनन एकाच वेळी तिच्यात शिरतात. खांबांची टेनन उभी आणि टेकूंची ४५ अंशांत, म्हणून टेकूंच्या टेननची खांबापासून दूरची बाजू उभ्या रेषेत कापलेली हवी, नाहीतर तुळई अर्ध्यावर अडकते. टेकूच्या पानावर हा काप वेगळ्या मापाने दाखवा. खुंट्या सर्वांत शेवटी, तळखड्यापासून चारही खांब ओळंब्यात आहेत हे पाहून ठोकायच्या.